देवघेवीचे टेबल

(गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत एका शिक्षक-सभासदाने केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा सहावा विषय आपण वाचलाच असेल. 'संध्याकाळची देवघेव बंद करून ती केवळ रविवारी सकाळी ठेवणे, आणि पुढील दालन शिकवणी वर्गास भाड्याने देणे.' सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. वाचनालयावर त्यांचे प्रेम आहे, म्हणूनच हिशेबाच्या वहीतली तूट त्यांना झोपू देत नाही. त्यांनी तीन कारणे दिली आहेत. वाचक रोडावले, मदतनिसाचे वेतन परवडत नाही, आणि पूर्वी पुस्तकात मिळत असे ते आता सिनेमात आणि मोबाइलवर मिळते. या तीन कारणांचा विचार केल्यावाचून सूचना फेटाळणे अन्यायाचे होईल, आणि विचार न करता मान्य करणे त्याहून अन्यायाचे होईल. वाचकहो, तुम्ही दुसऱ्या गावचे असाल, पण असा सहावा विषय तुमच्याही वाचनालयाच्या सभेपुढे आज ना उद्या येणार आहे. म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठीही आहेत.

प्रथम वाचनालय म्हणजे काय ते ठरवू. दाखल नोंदवहीत पुस्तकाची नोंद होते, पहिल्या पानावर शिक्का बसतो, पाठीला क्रमांक चिकटतो आणि ते कपाटात जाते. येथवर जे घडते ती साठवण. पुढे कोणी ते पुस्तक मागते, टेबलावर त्याची नोंद होते, ते भाजीच्या पिशवीत बसून घरी जाते, कोणाच्या उशाशी राहते, शेजारीण ते चाळून पाहते, आणि पंधरा दिवसांनी एखादा हळदीचा डाग घेऊन परत येते. ही देवघेव. साठवणीला कोठार म्हणतात. देवघेवीला वाचनालय म्हणतात. आपल्या पूर्वसूरींनी या कामाला किती नेमका शब्द योजला आहे पाहा. ज्याने दिले त्याला काही परत मिळते, आणि ज्याने घेतले त्यालाही काही परत करावे लागते, असा दोन्ही बाजूंचा व्यवहार या एका शब्दात आहे.

आता आपला वार्षिक अहवाल पाहा. ग्रंथसंख्या दिली आहे, ग्रंथांची किंमत दिली आहे, वर्गणी, अनुदान, नवे पंखे, छपराची दुरुस्ती, सारे दिले आहे. पण वर्षभरात किती पुस्तके घरोघर गेली, कोणती दहादा गेली आणि कोणती कपाटातून एकदाही हलली नाहीत, याचा रकाना अहवालात नाही. देवळातली समई किती वजनाची आहे ते सांगायचे आणि ती पेटते की नाही ते सांगायचे नाही, अशातला हा प्रकार आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. वाचनालयाचे खरे ताळेबंदपत्रक ती चिठ्ठी आहे.

हे केवळ माझे म्हणणे नव्हे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. ऐकायला तो इतका साधा वाटतो की यात नियम कसला, असे कोणीही म्हणेल. परंतु याच नियमाखाली त्यांनी वाचनालयाची जागा, त्याच्या वेळा, बाके-टेबले आणि तेथला माणूस यांचा विचार केला आहे. वाचकाला सवड असते तेव्हाच दार बंद असेल, तर आतली पुस्तके उपयोगासाठी आहेत असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पुढचे दोन नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतात. ही गाठ कपाट घालून देत नाही. ती टेबलामागे बसलेला माणूस घालून देतो.

साठवण आणि देवघेव यांतला फरक गोमंतकाइतका कोणाला कळायला हवा होता? भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला. पण तो इथल्या सामान्य माणसाच्या हाती पुस्तक द्यावे म्हणून आला नव्हता. त्याच सोळाव्या शतकातली गोष्ट. इथल्या मराठी आणि कोकणी रचना मिशनऱ्यांनी अभ्यासासाठी रोमी लिपीत उतरवून घेतल्या, आणि त्यांची बाडे पुढे पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक वाचनालयात सापडली. ती टिकली याबद्दल त्या वाचनालयाचे आभारच मानले पाहिजेत. पण ज्यांच्या भाषेत ती रचना झाली त्या लोकांना कित्येक पिढ्या त्यांतली एक ओळही वाचायला मिळाली नाही. साठवण उत्तम झाली, देवघेव शून्य. आज आपल्या पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला केळोशीच्या कृष्णदास शामाचे नाव आहे. ज्याने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचायला घेतली तो हा कवी. नाव देणे योग्यच झाले. परंतु नाव दारावर आणि दार बंद, अशी स्थिती कोणत्याही गावात येऊ नये.

उलट, एक साधा अंक योग्य हाती पडला तर काय होते, तेही गोव्यानेच दाखवले आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले, संसाराची आणि बागायतीची कामे गळ्यात. अशा स्थितीत 'बालबोध' या मुलांच्या मासिकातले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. तेथून त्यांच्या मनाने जी ओढ घेतली ती त्यांना १८९९ साली घराबाहेर घेऊन गेली. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असा प्रवास करून हा खेड्यातला तरुण पाली भाषेचा पंडित झाला आणि पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात त्याला ग्रंथसंपादनासाठी बोलावणे आले. आपल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा प्रवास सांगितला आहे. विचार करा. मुलांच्या मासिकाचा अंक! तो काढणाऱ्याला तरी काय ठाऊक की गोव्यातल्या एका माडांच्या बागेत तो काय करील! म्हणून मी म्हणतो, कोणते पुस्तक कोणासाठी आहे हे आधी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते टेबलावर ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

आणि जे माझ्याहून वडील आहेत त्यांना मुक्तीनंतरचे दिवस आठवत असतील. १९६१ नंतर गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरांत तोवर अक्षर शिरले नव्हते, त्या घरांतली मुले पाटी घेऊन बसू लागली. शाळेने त्यांना अक्षर दिले. पण अक्षर आले म्हणून घरात पुस्तक येत नाही. कुळागरात राबणाऱ्या, खाणीवर जाणाऱ्या, देवळाबाहेर फुले विकणाऱ्या घराने कादंबरी विकत कुठून आणावी? त्या घरांत पुस्तक गेले ते वाचनालयातून, किरकोळ वर्गणीत. त्या पिढीतले पुष्कळजण पुढे शिक्षक झाले, कारकून झाले, काहीजण लिहिते झाले. श्रीमंताच्या घरी कपाट असते. गरिबाचे कपाट म्हणजे हे वाचनालय. ते आठवड्यातून एक दिवस उघडायचे, म्हणजे गरिबाला सहा दिवस बिनपुस्तकाचे ठेवायचे.

आता पहिले कारण: वाचक रोडावले. खरे आहे. तथापि कोण येते तेही पाहू या. सकाळी दार उघडताच वृत्तपत्रे वाचणारे येतात. त्यांतले निम्मे आधी निधनवार्ता पाहतात आणि मग राजकारण. वयोमानाप्रमाणे तोही एक क्रम आहे. देवदर्शनाला आलेली बाहेरगावची मंडळी महाप्रसादाला वेळ आहे म्हणून बाकावर टेकतात आणि एखादे मासिक हाती घेतात. दुपारी बस चुकलेला कोणी येतो. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, स्त्रिया येतात. एक आजी नातवाच्या हाती चिठ्ठी पाठवतात. कधी तीत 'काहीतरी देवाधर्माचे' एवढेच असते, तर कधी 'मागच्यासारखे द्या, पण शेवट गोड असलेले.' फुलकारीण दुकान आवरता आवरता मुलीसाठी गोष्टीचे पुस्तक नेते आणि ते आधी स्वतः वाचते. दिवाळी अंक आले की पंधरा दिवस टेबलाभोवती जागा मिळत नाही, आणि मार्चपर्यंत त्या अंकांची पाने सुटतात. जत्रेच्या दिवसांत नाटकाची संहिता शोधत तरुण मंडळी येतात. कोणाला अर्ज लिहून हवा असतो, कोणाला पंचांग पाहायचे असते. हे सारे लोक वाचक नव्हेत काय? यांतला बहुतेक वर्ग संध्याकाळचा आहे. रविवारी सकाळी फुलकारणीला देवळाच्या दारात बसावे लागते आणि आजीच्या सुनेला पाहुण्यांचे जेवण रांधावे लागते. रविवारची सकाळ ही आपल्यासारख्या पगारदार पुरुषांच्या सोयीची वेळ आहे. वेळ बदलली की वाचक बदलतात, आणि मग जे गळाले त्यांची नावे अहवालातही येत नाहीत.

तिसऱ्या कारणाकडे आधी वळतो, कारण ते फार दिवसांचे आहे. सिनेमाने वाचक पळवले, ही तक्रार मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतो. तेव्हा सिनेमाच्या जागी टुरिंग टॉकीज होते, मग दूरदर्शन आले, मग मालिका, आणि आता हातातला मोबाइल. पण ज्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला ते दादासाहेब फाळके कोण? त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्राच्या गावी शास्त्र्यांच्या घरात जन्मलेले, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्याआधी त्यांनी चलच्चित्रविद्येची विलायती पुस्तके मिळवून अभ्यासली. म्हणजे आपला सिनेमा पुस्तकाच्या पोटी जन्मला आहे, आणि त्याची पहिली कथाही पुराणातली.

आणि बडोद्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तके लाकडी पेट्यांत भरून खेड्यापाड्यांत पाठवली जात. एका गावचे वाचून झाले की पेटी पुढच्या गावी. इतकेच नव्हे, तर त्या ग्रंथालय खात्याची दृश्य शिक्षणाची एक शाखाच होती. जादूच्या कंदिलाच्या काचा, स्टिरिओस्कोप आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन तिची माणसे गावोगाव जात, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जग दाखवीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी सिनेमाला वाचनालयाचा मदतनीस केले, त्यांच्यापुढे आपण सिनेमाच्या नावाने बोटे मोडत बसावे, हे आपल्याला शोभत नाही.

सिनेमा वाचक पळवत नाही. तो वाचकाला वाचनालयाच्या पायरीपर्यंत आणून सोडतो. पुढे हात धरायला आत कोणी आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. स्मिता पाटील यांचा 'उंबरठा' १९८२ चा. तो पाहून कोणी टेबलाशी आले आणि 'उंबरठा'ची कादंबरी मागू लागले, तर त्या नावाने यादीत शोधून ती सापडणार नाही. कारण ज्या कादंबरीवर तो बेतला ती शांता निसळ यांची 'बेघर'. 'सिंहासन' १९७९ चा. तो अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, आणि एक दिल्यावर दुसरी सुचवली नाही तर वाचक अर्ध्या वाटेत राहतो. प्रभातचा 'कुंकू' १९३७ चा, आणि त्याचे मूळ नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट'. 'जैत रे जैत' पाहिलेल्याला गो. नी. दांडेकर द्यावेत, 'नटरंग' पाहिलेल्याला आनंद यादव, आणि 'शाळा' पाहून आलेल्या नववीतल्या मुलाला मिलिंद बोकील. मोबाइलवरची यादी नाव टाकले तर नाव देते. 'बेघर' हातात ठेवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला आपण सहाव्या विषयाने निरोप देत आहोत.

कोणी म्हणेल, सिनेमा पाहिला, गोष्ट कळली, आता पुस्तक कशाला? अध्यापन पदविकेच्या वर्गात मला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' प्रथम भेटली. पुस्तक १९५५ चे. अमोल पालेकरांनी त्यावर १९९५ साली चित्रपट केला. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो, वस्तीशी एकरूप होतो, गावकऱ्यांच्या कष्टांतून तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येऊन वस्ती उठते. पडद्यावर तो माळ, ते ऊन, ती मेंढरे डोळ्यांना दिसतात. आम्हा हिरव्या मुलखातल्या लोकांना तो रखरखाट नुसत्या शब्दांतून इतका कळला नसता. पण पुस्तकात तो मास्तर 'मी' म्हणून बोलतो. त्याची भीती, त्याचा संकोच, त्याची हळूहळू बसत गेलेली ओळख आपण त्याच्या आत बसून अनुभवतो. वाचणारा जेथे थांबेल तेथे पुस्तक थांबते. एक वाक्य दोनदा वाचावेसे वाटले तर ते हरकत घेत नाही. चित्रपट आपल्या वेगाने जातो आणि शेजारी बसलेल्या शंभर लोकांबरोबर हसवतो-रडवतो. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे होत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही करायला सांगतो, आणि दोहोंत काय बदलले ते लिहून आणायला लावतो. याहून चांगला भाषेचा गृहपाठ मला ठाऊक नाही.

२००४ पासून आपल्या पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. जगभरचे सिनेमे बसने जाऊन पाहता येतील इतक्या अंतरावर येतात. त्या आठवड्यात आपल्या टेबलावर सिनेमाविषयीचे एखादे तरी पुस्तक मांडावे, असे आजवर कोणाला सुचलेले नाही.

मोबाइलविषयी मी फार बोलत नाही. तो माझ्याही खिशात आहे. त्यावर पुस्तके मिळतात हे खरे, आणि दृष्टी अधू झालेल्यांना अक्षर मोठे करून वाचता येते किंवा ऐकता येते, ही मोठीच सोय आहे. परंतु मोबाइल प्रत्येकाला आवडते तेच पुन्हा देतो. 'शेवट गोड असलेले' मागणाऱ्या आजींना टेबलामागच्या माणसाने एकदा 'स्मृतिचित्रे' दिले. 'गोड आहे की नाही ते तुम्हीच सांगा,' एवढेच तो म्हणाला. लक्ष्मीबाई टिळकांचे ते आत्मचरित्र आजींनी दोन वेळा नेले. न मागितलेले देणे हे वाचनालयाचे खरे काम आहे.

आता पावसाळ्याकडे येतो. हा व्यवहाराचा मुद्दा आहे, भावनेचा नव्हे. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते. पुस्तकाचे शत्रू कोण? बुरशी, कसर, वाळवी. या तिघांनाही अंधार, दमट आणि न हलणारी हवा आवडते, म्हणजे नेमके बंद कपाटातले वातावरण. जे पुस्तक दर पंधरा दिवसांनी बाहेर पडते त्याला वारा लागतो, ते झटकले जाते, पान निखळले तर लगेच दिसते आणि बांधणीला जाते. जे वर्षभर हलत नाही, त्याचा कणा उघडेपर्यंत आत काय झाले ते कळत नाही. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाची पाने ठेवावीत. पण दोन हातांनी उघडले जाणे याच्याइतके स्वस्त औषध नाही. सहा दिवस दालन बंद ठेवल्याने पुस्तके जपली जातील, असे ज्यांना वाटते त्यांनी येत्या आश्विनात माझ्याबरोबर खालच्या फळीवरची चरित्रे काढून पाहावीत.

राहिले दुसरे कारण, पैशाचे. त्याला मी सर्वात जास्त मान देतो, कारण भाषणाने वेतन भागत नाही. १९९३ साली गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला; त्याआधी १९६७ साली महाराष्ट्राने आपला कायदा केला होता. कायद्याने वाचनालयाला मान्यता मिळते, अनुदानाची वाट उघडते. परंतु टेबलामागे माणूस बसवणे शेवटी गावाच्या हाती असते. शिकवणी वर्गाचे भाडे नियमित येईल, हे मला मान्य आहे. मी स्वतः शिक्षक. शिकवणीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग यांत फरक आहे. अभ्यासिकेत कोणाचेही मूल येऊन बसू शकते. शिकवणी वर्गात जो शुल्क देईल तोच बसतो. ज्या दालनात आजवर फुलकारणीची मुलगी बिनदिक्कत येत होती, त्या दालनाच्या दारात उद्या तिला 'तुझे नाव वर्गात आहे का?' असे विचारले जाईल. वाचनालयाच्या दारात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना जागा हवी, हे शंभर टक्के खरे. त्यांना मागची खोली द्यावी, पहाटेपासून द्यावी, दिवा-पंखा द्यावा. ती मुले पुढच्या दालनातून जाता-येता टेबलावरची पुस्तके पाहतील, आणि परीक्षा संपल्यावर त्यांतली दोन-चार तरी वाचकही होतील.

नुसता विरोध करून खाली बसणे योग्य नव्हे, म्हणून चार सूचना सभेपुढे ठेवतो.

पहिली, देवघेव रोज संध्याकाळी पाच ते आठ चालू ठेवावी. मदतनिसाच्या कामाचे दिवस कमी करावे लागले तर करा, पण दार बंद नको. मंगळवारी आणि शुक्रवारी टेबलावर मी बसेन, मोबदला नको. निवृत्त झालेल्या आणखी दोघा-तिघांनी एकेक दिवस घेतला, तर वेतनाचा भार निम्मा होईल.

दुसरी, गावात, टीव्हीवर किंवा मोबाइलवर ज्या चित्रपटाची चर्चा असेल, त्याचे मूळ पुस्तक त्या आठवड्यात टेबलावर मांडावे, आणि फळ्यावर चित्रपटाचे नाव आणि पुस्तकाचे नाव शेजारी शेजारी लिहावे. याला एक खडू लागतो.

तिसरी, आठवड्यातून एकदा प्रकट वाचन करावे. आपल्या गावाला हे नवे नाही. सभामंडपात पोथी लागत असे तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर असत, आणि त्या शंभरांत अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्याच अधिक असत. सुरुवातीला 'श्यामची आई' घ्यावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मुळात रात्री बसून सांगितलेल्या गोष्टींचे आहे, बेचाळीस रात्री. आठवड्याला एक धरली तर जवळजवळ वर्ष जाते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि २०२३ साली ही कथा पुन्हा पडद्यावर आली. वर्षाच्या शेवटी दोन्ही चित्रपट याच दालनात सर्वांनी मिळून पाहू. पुस्तक ऐकलेली मुले चित्रपटात काय सुटले ते आपल्याला सांगतील.

चौथी, जे चालू शकत नाहीत त्यांच्याकडे पुस्तकांची पिशवी पाठवावी. बडोद्याने पेट्या पाठवल्या. आपल्याला कापडी पिशवी पुरे. शाळेतली मोठी मुले ती आनंदाने नेतील. आणि पुढच्या वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा: वर्षभरात घरी गेलेली पुस्तके. तो आकडा लहान असेल तर लहान छापू. दर वर्षी तो वाढला की घटला, यावर पुढची सभा बोलेल.

वाचकहो, तुमच्या गावीही वाचनालय असेल. या आठवड्यात एकदा तेथे जा, वाटेल ते एक पुस्तक काढा आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख पाहा. ती चार वर्षांपूर्वीची असेल, तर चिटणिसांना दोष देऊ नका. पुस्तक टेबलावर न्या, नोंद करा आणि घरी घेऊन जा. त्या चिठ्ठीवर तुमच्या नावाची नव्हे, पण तुमच्या हातची एक तारीख पडेल.

अध्यक्ष महाराज, सहावा विषय मताला टाकण्यापूर्वी या चार सूचना विचारात घ्याव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. मंगळवारी पाच वाजता टेबलावर आहेच.